अकराव्या पानावरच्या घंटा

३ मार्च
आजपासून वही नवी. जुनीत अजून चाळीस पानं कोरी होती, पण मोठ्या कामाला हात घालताना मला सगळंच कोरं लागतं. छत्तीस वर्षं भूमापन खात्यात डोंगरांचे उतार काढले. एका कागदावर एकच डोंगर, हा माझा नियम.

काम असं आहे. मासिकाच्या विशेषांकासाठी ‘तुलना’ लिहायची. हे सदर मी बावीस वर्षं चालवतो. एकच रचना घ्यायची, ती वेगवेगळ्यांनी वाजवलेल्या रेकॉर्ड ऐकायच्या, आणि शेवटी एकाच नावापुढे ‘पहिली पसंती’ लिहायचं. या वेळी पाळी आहे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका फँटसीची, म्हणजे मुक्त अंगाच्या रचनेची. एकटा पियानो, सव्वीस मिनिटं. स्वरलिपीची पहिली दहा पानं नुसतं वादळ. अकराव्या पानावर ते थांबतं आणि उजवा हात पियानोच्या पार उजव्या टोकाला जाऊन एक्केचाळीस बारीक सूर वाजवतो, लांबून ऐकू येणाऱ्या घंटांसारखे. ‘ज्याला घंटा जमल्या, त्याला फँटसी जमली’ हे वाक्य माझंच आहे. लोक अजून ते स्वतःचं म्हणून वापरतात.

संपादकबाईंचा फोन हिने घेतला. मी घेऊन उपयोग नसतो, बाई हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. हिने निरोप सांगितला: मागच्या तुलनेवर सतरा पत्रं आली, सतराही नाराजीची. या वेळी तसंच झालं तर सदर माझ्याकडून काढून नव्या समीक्षकाला देणार.

“कोणता नवा?” मी विचारलं.

“तो हो, स्टॉपवॉच लावून ऐकतो तो.”

त्या सतरांपैकी एकाने विचारलं होतं, ‘आपण दोघांनी एकच रेकॉर्ड ऐकली का?’ मी माझी नीट ऐकली. त्याने कोणती ऐकली ते त्याचं त्याला ठाऊक.

५ मार्च
सात रेकॉर्ड टेबलावर मांडल्या. सातही जणांना मी माझी नावं ठेवली आहेत, खरी नावं लिहिताना हात आखडतो. जुने गुरुजी, न्यायाधीश, बर्फवाली, पहिलवान, घाईवाला, रडका आणि शिंपीण. शिंपीण आपली नावाला. कुठल्याशा नृत्यशाळेत साथ करणारी बाई, आयुष्यात एकच रेकॉर्ड केली. वीस वर्षांपूर्वी मी तिच्यावर लिहिलं होतं, ‘ही बाई पियानो वाजवत नाही, उसवलेलं शिवते.’ तेव्हा हे वाक्य फार गाजलं. टाइप करताना ही म्हणाली होती, “हे वाक्य ठेवायचंच का?” अर्थात ठेवलं.

पद्धत नेहमीचीच. मी खिडकीकडे तोंड करून, मशीनकडे पाठ करून बसतो. डोळे मिटलेले. कोणती रेकॉर्ड कोणत्या क्रमांकाची हे फक्त हिला माहीत, ते तिने पाकिटात घालून चिकटवून टाकलंय. रेकॉर्ड तीच लावते, तीच काढते. मला फक्त क्रमांक सांगते. म्हणजे पक्षपाताला जागाच नाही. जुन्या गुरुजींची रेकॉर्ड खरखरते, त्यामुळे ती ओळखू येते, पण मी ती ओळखायची नाही असं ठरवलं आहे.

मशीनवरच्या जाड आणि बारीक आवाजाच्या दोन्ही फिरत्या कळा बरोबर मध्यावर. तिथे मी लाल शाईचा ठिपका दिलाय. त्याला कोणी हात लावायचा नाही. हिला संगीतातलं काही कळत नसल्यामुळे ही व्यवस्था उत्तम चालते.

७ मार्च
सातही ऐकल्या. कोणाच्याही घंटा नाहीत.

वादळ सगळ्यांचं झकास. अकराव्या पानावर डावा हात हळूच चालू राहतो आणि वर काहीच नाही, जणू त्या टोकाला कोणी फिरकलंच नाही. एक-दोघांचे पाच-सात सूर कानावर पडले, तेही पुसट. बावीस वर्षांपूर्वी यांतल्याच काही रेकॉर्डवर मी एक्केचाळीस मोजल्या होत्या. तबकड्या झिजल्या की काय?

८ मार्च
तारवाल्याला बोलावलं. रेडिओपासून इस्त्रीपर्यंत आमचं सगळं तोच दुरुस्त करतो. त्याने मशीन उघडलं, फुंकर मारली, बंद केलं.

“काका, मशीन ठणठणीत आहे.”

“मग बारीक सूर कुठे गेले?”

तो हिच्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, आलाच आहेस तर दाराची बेलही बघ, दोन महिने वाजत नाही. किटलीची शिट्टीही बिघडलीय. तो बेल दाबून आला आणि म्हणाला की तीही ठणठणीत आहे. हल्ली कोणालाच काम करायला नको असतं. नंतर स्वयंपाकघरात हिच्याशी बराच वेळ कुजबुजत चहा प्यायला.

बेल बंद असूनही तो आला तेव्हा हिने वेळेवर दार उघडलं होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली तिने, पावलांवरूनसुद्धा माणूस कळत असेल.

१० मार्च
लेखाचा पहिला खर्डा झाला. निष्कर्ष: जगातल्या पियानोवादकांचे उजवे हात कामातून गेले आहेत. ‘पहिली पसंती: कोणीच नाही.’

लिहून झाल्यावर बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. ती घंटा ऐकूनच मी या नादाला लागलो. तेव्हा नोकरीचं पहिलं वर्ष होतं, खोलीमालकाच्या रेडिओवर ऐकली आणि हातातला नकाशा तसाच राहिला. आता ती कोणालाच वाजवता येत नसेल तर मी कशाबद्दल लिहायचं?

हिला वाचून दाखवलं. शेवटी शेवटी माझा आवाज जरा बसला. ही म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

इतकं चपखल! या पियानोवाल्यांना वाजवता येत नाही, म्हणे रचनाच अवघड. लेखाला हेच शीर्षक द्यावं म्हणतो. बावीस वर्षं माझे लेख टाइप करून हिलाही थोडं वळण लागलंय.

१२ मार्च
घंटा!

क्रमांक चार. अकरावं पान आलं, डावा हात चालू झाला आणि वरून एक, दोन, तीन, थेट सदतीसपर्यंत. चार सुटल्या, पण सदतीस! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ही म्हणाली, “काय झालं?” म्हटलं, तुला नाही कळायचं. आणि आनंदाच्या भरात तिच्या कपाटाची बिजागरी बसवून दिली, जी पावसाळ्यापासून तशीच लोंबत होती.

खर्डा फाडला.

१३ मार्च
चार नंबर पुन्हा, पुन्हा सदतीस. शिवाय दोन आणि सात यांच्याही घंटा वाजल्या. परवापर्यंत मुके होते सगळे. म्हणजे तबकड्या चांगल्या आहेत, वादकही चांगले आहेत. मधे काहीतरी आडवं येत होतं. काय ते शोधलं पाहिजे.

१५ मार्च
उद्या माझी मेहुणी चार दिवसांसाठी येणार. मी सहज म्हटलं की तिची जीभ कात्रीसारखी चालते, ऐकण्याच्या वेळेत तिला माडीवर ठेव.

ऐकणं: शून्य. चार नंबरसुद्धा मुका. हवेतली आर्द्रता बासष्ट टक्के. मला वाटतं, दोष तिथेच आहे. दमट हवेत बारीक आवाज वाटेत विरत असणार.

१६ मार्च
मेहुणी आली. जेवताना तिने काहीतरी विचारलं, मला नीट कळलं नाही, म्हणून मी म्हटलं, “असेल.” दोघी बहिणी माझ्याकडे बघतच राहिल्या. मागाहून समजलं की तिने विचारलं होतं, “मी आल्याचा त्रास होतोय का?”

ऐकणं: शून्य. आर्द्रता फक्त अठ्ठेचाळीस. म्हणजे दोष आर्द्रतेचा नाही. हवेच्या दाबाचा असावा.

१७ मार्च
शून्य. दाब व्यवस्थित. काही सुधरत नाही.

१८ मार्च
मेहुणीची माफी मागितली. तिला तिच्या मैत्रिणीकडे पोचवून आलो, येताना दोघींसाठी फुलं आणली. तसं माझ्या स्वभावात नाही, पण ऐकणं होत नसेल तर दुपारी करायचं काय?

संध्याकाळी: चार, दोन, सात, तिन्ही वाजले. चार नंबरच्या घंटा तर काय सांगू. ती एकेक सूर ठेवते आणि हात काढून घेते, मागे काही सांडत नाही. दोन नंबर सुंदर आहे पण स्वतःच स्वतःला ऐकतो. चार नंबर आपल्याला ऐकवते. (वादक बाई आहे असं मी धरून चाललोय. का, ते सांगता येणार नाही.)

२१ मार्च
आलेख-कागद काढला. आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर मोजलेल्या घंटा. खाली आर्द्रता, दाब, तापमान, विजेचा दाब. जुना हात आहे, तासाभरात सुरेख नकाशा तयार झाला. घंटांची रेघ डोंगरासारखी वर-खाली होते, पण बाकीच्या कोणत्याच रेघेशी जुळत नाही.

हिला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला. म्हणाली, “एक रेघ राहिली.”

“कोणती?”

“बघा तुम्हीच.” आणि हसत हसत आत गेली. तिला आलेखातलं काय कळणार.

२४ मार्च
शेवटची फेरी झाली. सकाळी बाजारातली पिशवी मीच उचलून आणली होती, तरी थकवा नाही. चार नंबर पहिला, निर्विवाद. पाकीट फोडलं.

चार नंबर म्हणजे शिंपीण.

२५ मार्च
झोप उडाली. दिवसभर त्या तपकिरी कव्हरकडे बघत बसलो. वीस वर्षांपूर्वी जिला मी उसवलेलं शिवणारी म्हटलं, तीच आता कानामागून आली आणि तिखट झाली. शिंपीण पहिली म्हणून छापलं तर लोक माझंच जुनं वाक्य माझ्याच तोंडावर मारतील. स्टॉपवॉचवाला तर ते चौकटीत घालेल. न छापलं तर? दोन नंबर म्हणजे न्यायाधीश, त्यांना पहिलं केलं तर कोणाला कळणार आहे?

मला कळेल. आणि पाकीट हिच्यासमोर फोडलं, त्यामुळे हिलाही.

“काय करू?” मी विचारलं. असा प्रश्न मी तिला या खोलीत कधी विचारला नव्हता.

ती म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं. पण तुम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिला होतात.”

शिंपीण पहिली. लिहून टाकलं. ही इतक्या भरभर टाइप करत होती की टाइपरायटर हलत होता.

११ एप्रिल
अंक निघाला. आजवर त्रेचाळीस पत्रं, त्यातली एक्केचाळीस खूश. एका बाईंनी लिहिलंय की ती तपकिरी रेकॉर्ड शोधून आणली आणि घंटा ऐकून डोळे भरले. मागच्या वेळचा तो संशयी वाचकही लिहितो, ‘या वेळी आपण एकच रेकॉर्ड ऐकली.’

सदर टिकलं. इतका हलका मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हतो. संपादकबाई स्वतः घरी आल्या. त्यांची कल्पना अशी: सत्तावीस तारखेला वाचनालयाच्या सभागृहात वाचकांना बोलावायचं, मी मंचावर बसून साती रेकॉर्ड ऐकायच्या, कोणती लागली ते न बघताच, आणि जिथे जे वाटेल ते तिथल्या तिथे बोलायचं. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? जरूर. हिच्या हातातला कप मात्र बशीवर आपटला.

१९ एप्रिल
सभागृहात तालीम. तिथलं मशीन नवं, मोठं. तारवालाच ते सांभाळतो. ही माझ्या शेजारी, मंचावर.

सातही मुके. शिंपीणसुद्धा.

मी तारवाल्याला म्हटलं की तुझं मशीन बिघडलंय. तो म्हणाला, “काका, इथे शेवटच्या रांगेत उभा राहून मी घंटा ऐकतोय हो.” मी हिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. घरी येताना म्हणाली, “कार्यक्रम रद्द करा. मी सांगते फोन करून, घसा धरलाय म्हणून.”

“माझ्या घशाचा काय संबंध?”

सकाळी आमचं भांडण झालेलं नव्हतं, आर्द्रता पन्नास होती. मला भीती वाटते आहे, आणि कशाची ते कळत नाही.

२० एप्रिल
आज ही बाहेर गेल्यावर मी घरचं मशीन पुढे ओढलं. कळांवरचा लाल ठिपका बघायला भिंग घेतलं. बारीक आवाजाच्या कळेवर माझा लाल ठिपका होता, घड्याळाचा काटा बारा वाजता असतो तिथे. आणि तीन वाजता असतो तिथे आणखी एक ठिपका. बारीक, नीटस, गुलाबी. हिच्या नेलपॉलिशचा.

कळ मध्यावर ठेवून शिंपीण लावली. अकरावं पान, काही नाही. कळ गुलाबी ठिपक्यावर नेली. सदतीस.

मग आलेख-कागद काढला आणि राहिलेली रेघ काढली. बिजागरी, फुलं, बाजाराची पिशवी वर. ‘असेल’, ‘कात्री’ खाली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या, केसाचाही फरक नाही. छत्तीस वर्षांत असा चोख नकाशा माझ्या हातून झाला नव्हता.

२१ एप्रिल
“हा ठिपका कोणाचा?”

“माझा,” ती म्हणाली. तिला धक्काही बसला नाही.

“कशासाठी?”

“दर वेळी तेवढंच फिरवायचं म्हणून. एकाला जास्त, एकाला कमी नको. अन्याय होतो.”

“सगळ्यांना फिरवलंस?”

“सगळ्यांना कशाला? पहिलवान मुळातच डोकं उठवतो. रडक्याला तर नकोच. जे मला आवडले त्यांना.”

“आणि सोळा मार्चला कोणालाच नाही?”

“सोळा मार्चला माझ्या बहिणीला काय म्हणालात ते आठवा.”

मी म्हटलं, हे फार झालं. बावीस वर्षांचं सदर, माझं नाव, माझा शब्द, आणि पसंती ठरवली कोणी, तर एका कळेने. मी खरंच रागावलो होतो. ओरडलोही असेन, मला कळत नाही मी किती मोठ्याने बोलतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “त्या दिवशी ‘कोणीच नाही’ असं वाचलंत आणि तुमचा चेहरा मला बघवेना. वाटलं, एकदा तरी ऐकू दे यांना. पुढचं आपलं होत गेलं.”

“मग सरळ सांगायचं नाही का, की मला ऐकू येत नाही?”

“सांगितलं की. तीन वर्षं सांगतेय. तुम्हाला ऐकू कुठे येतंय?”

२३ एप्रिल
कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून कानात पिपाण्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी मनापासून दाबत होतो. मधे बराच वेळ त्यांनी विश्रांती दिली असं वाटलं. ती विश्रांती नव्हती.

बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला आणि समजावून सांगायला लागले. म्हटलं, राहू द्या, हे मला वाचता येतं. डावीकडून सपाट पठार येतं, मग थोडा उतार, आणि तिथून सरळ कडा. जन्मभर असे कडे काढले. असा कडा नकाशावर आला की आम्ही पायवाट तिथेच थांबवायचो.

डॉक्टर म्हणाले, यंत्र पंधरा दिवसांत मिळेल. म्हणजे सत्तावीस तारखेनंतर.

रस्त्यात हिने माझा हात धरला होता. रस्ता ओलांडताना धरते तसाच, पण ओलांडून झाल्यावरही सोडला नाही. मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही.

२५ एप्रिल
तिने उपाय काढला. मंचावर ती शेजारी बसेल, घंटा सुरू झाल्या की टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवील, चांगल्या असतील तर दोनदा. “कोणाला कळणार नाही,” म्हणाली. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं सांभाळलेली बाई, तिला हे काहीच नाही.

मी हो म्हटलं. सदर वाचेल, नाव वाचेल.

२७ एप्रिल
सभागृह भरलं होतं, एकोणसाठ माणसं. पुढच्या रांगेत स्टॉपवॉचवाला, पायावर पाय टाकून. पहिली रेकॉर्ड लागली. वादळ. दहावं पान. मग माझ्या पायावर हिचा पाय. एकदाच.

मी तोंड उघडलं, आता ‘घंटा बऱ्या, पण’ वगैरे म्हणायचं होतं. आणि जमेना. शिंपिणीबद्दल वीस वर्षांपूर्वी मी ऐकून खोटं बोललो होतो. आता न ऐकता खरं बोलणार होतो, तेही दुसऱ्याच्या पायाने. उठून उभा राहिलो. म्हटलं, “मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. तीन वर्षं येत नाहीत. अंकातली पहिली पसंती माझी नव्हे, माझ्या बायकोची आहे.”

मग तिसऱ्या रांगेतून एक आजोबा हात कानामागे धरून म्हणाले, “जरा मोठ्याने बोला.”

मी पुन्हा सांगितलं. मागून आणखी दोघे म्हणाले, “काय म्हणाले?” शेवटी ही उठली आणि टेलिफोनवरच्या त्या जुन्या, स्वच्छ आवाजात सगळं सांगितलं, कळ, ठिपका, सोळा मार्चसकट. लोक इतके हसले की तारवाल्याला रेकॉर्ड थांबवावी लागली. हशा जाड आवाजाचा असल्यामुळे तो मला पूर्ण ऐकू आला.

मग संपादकबाई म्हणाल्या, आता श्रोत्यांनीच मत द्यावं. साती रेकॉर्डची अकरावी पानं वाजवली. निकाल: सदतीस मतं पहिलवानाला. घंटा जोरात आपटणारा तोच एक. स्टॉपवॉचवाल्याने घाईवाल्याला मत दिलं, अकरा सेकंद वाचतात म्हणून. शिंपिणीला सहा मतं, त्यातलं एक तारवाल्याचं. वरचे सूर न ऐकू येणारा मी एकटाच नव्हतो तर.

बाहेर पडताना बाईंनी निर्णय सांगितला, मुद्दाम माझ्या समोर उभ्या राहून, ओठ हलवत. सदर राहील. पण ऐकणार वहिनी, लिहिणार मी, आणि नावं दोघांची.

ही म्हणाली, “माझं नाव नको. लोक मला पत्रं लिहितील.”

९ मे
यंत्र आलं. वाटाण्याएवढं. कानात बसवलं आणि किटलीने अशी किंकाळी फोडली की मी हातातलं वर्तमानपत्र टाकलं. ती चांगली वाजते. बेलही. खिडकीत एक पक्षी आहे, तो गेला नव्हताच.

आणखी एक गोष्ट कळली. ही काम करताना बोलत असते. सतत, हलक्या आवाजात, माझ्याबद्दल. ‘चष्मा डोक्यावर आणि शोधतोय घरभर.’ ‘लिहा, लिहा, जगाला अक्कल शिकवा.’ हे किती वर्षं चाललंय कोण जाणे. मला ऐकू येतं हे तिला अजून सांगितलेलं नाही. थोडे दिवस सांगणारही नाही.

१० मे
कळ लाल ठिपक्यावर. मशीनकडे पाठ, डोळे मिटलेले. ही क्रमांकही सांगत नव्हती. आज मी माझ्याच कानांनी बघणार होतो की ती चुकली की नाही. खरं सांगायचं तर ती चुकलेली असावी असं थोडं वाटत होतं.

पाचवी लागली ती शिंपीण. एक्केचाळीस. ते सुटलेले चार सूर अगदी शेवटी आहेत, सगळ्यात हळू, आणि त्या बाईने ते असे ठेवलेत की खाली काही जागं होऊ नये. खोलीमालकाचा रेडिओ आठवला. मी उठून उभा राहिलो नाही, शेवटपर्यंत बसून ऐकलं.

पुढच्या अंकासाठी चार ओळी लिहिल्या: ‘वीस वर्षांपूर्वी मी या वादक बाईंबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. ते चतुर होतं आणि खोटं होतं. मी त्यांची माफी मागतो.’ टाइप करायला दिल्या आणि म्हटलं, “हे वाक्य ठेवायचंच का?”

“ठेवायचंच,” ती म्हणाली.

१४ मे
सकाळी मी सूप अळणी आहे म्हणालो. वर असंही म्हणालो की ऐकण्यात लक्ष गेल्यापासून हिचं स्वयंपाकातलं लक्ष उडालंय. विनोदाने.

संध्याकाळी बर्फवाली लावली. अकरावं पान, शून्य. कळ मध्यावर. यंत्र काढून बघितलं तर आतली बॅटरी जागेवर नव्हती. ही समोर बसून लोकर गुंडाळत होती, ओठ हलत होते, पण काय म्हणत होती ते कळलं नाही.

स्वयंपाकघरात गेलो. भांडी पुसायला घेतली. तिसऱ्या बशीखाली बॅटरी होती. हवेचा दाब बघितला नाही.